डायलिसिस: मशीनवर की पोटातून?

किडनी काम करेनाशी झाली की रक्त गाळून घ्यावं लागतं, तेच डायलिसिस. त्यातल्या हिमोडायलिसिसमध्ये, म्हणजे मशीनवरच्या प्रकारात, हातातल्या फिस्टुलात (ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या शिरेत) दोन सुया टोचून रक्त मशीनमधून फिरवतात. साधारण 4 तास, आठवड्यातून बहुधा 3 वेळा. सगळं नर्स बघते. पण त्यासाठी सेंटरवर जायचं, तर पुण्यात हडपसरहून डेक्कनचं ट्रॅफिक वेगळंच, आणि घरी येईपर्यंत माणूस गळून जातो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये गाळणी म्हणजे पोटातलं अस्तरच. नळीतून 2 लिटरच्या आसपास द्रव आत सोडायचा, काही तासांनी काढायचा. दिवसातून साधारण 4 वेळा, घरीच. पोटॅशियमचं पथ्यही बरंच सैल. मात्र हात धुण्यात हयगय झाली की जंतुसंसर्ग. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला तर लगेच डॉक्टर गाठायचे. शिवाय पेठेतल्या दोन खोल्यांत द्रवाच्या पिशव्यांची खोकी ठेवायची कुठे? तरी घरात कुणी नेटकं माणूस असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर मी पोटाचंच सुचवेन.