हंगामभर वापरून पाहिल्यानंतर: समाजमाध्यमांवरील गोपनीयतेच्या सेटिंग्ज

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. गेली काही वर्षे सगळा आंबा वाशीच्या बाजारात दलालाकडे न पाठवता त्यातला बराचसा आम्ही थेट गिऱ्हाइकाला विकतो आणि ही विक्री माझ्याकडे असते. त्यासाठी मी दोन अ‍ॅप वापरते. एकावर आमच्या बागेचे पान आहे आणि त्यालाच माझे घरगुती खाते जोडलेले आहे. दुसरे संदेशांचे, ज्यावर मागणी, पत्ता आणि पैसे पाठवल्याची पावती येते. गेल्या गणपतीपासून या मेअखेरपर्यंत मी दोन्ही अ‍ॅपमधील गोपनीयतेच्या सेटिंग्ज काटेकोरपणे लावून वापरल्या. हे लेखन फक्त त्या सेटिंग्जविषयी आहे. अ‍ॅपची नावे देत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळ्यांची ठेवण सारखीच आहे.

माझे मत आधीच सांगते. सेटिंग्ज भरपूर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सांगितलेले काम नीट करतात; परंतु ‘ही गोष्ट कोणाला दिसावी’ एवढेच त्या विचारतात. माझा नंबर कोणाकोणाशी जोडला जावा, हे विचारण्याची सोय त्यांत जवळजवळ नाही, आणि जिथे धंदा व संसार एकाच फोनवर चालतो तिथे खरा त्रास त्या जोडणीचाच होतो.

संदेशांच्या अ‍ॅपपासून सुरुवात करते, कारण रोजचा संबंध त्याच्याशी येतो. आंबा तयार झाल्याचा निरोप एकाच वेळी सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायचा, तर त्यांचे नंबर माझ्या फोनमध्ये आणि माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलेला असावा लागतो. त्यामुळे माझी संपर्कयादी ‘ठाणे दोन पेटी’, ‘कोथरूड डॉक्टर’, ‘डोंबिवली कच्चा आंबा’ अशा नावांनी भरलेली आहे. आता प्रोफाइलचा फोटो कोणाला दिसावा, या प्रश्नाला अ‍ॅप चार उत्तरे देते: सर्वांना, माझ्या संपर्कांना, काही संपर्क वगळून इतरांना, किंवा कोणालाच नाही. ‘माझे संपर्क’ हा पर्याय सुरक्षित वाटतो. पण अ‍ॅपच्या लेखी माझी नणंद आणि डोंबिवलीचे गिऱ्हाईक हे दोघेही सारख्याच हक्काचे संपर्क असतात. मुलीबरोबर काढलेला पाडव्याचा फोटो एकदोन पेट्या घेतलेल्या अनोळखी माणसाला दिसावा, असे मला वाटत नाही. वगळण्याची यादी करावी, तर एकेका नावापुढे खूण करावी लागते, आणि तसे केले तरी त्यानंतर साठवलेला नवा नंबर त्या यादीत आपोआप जात नाही. एप्रिलमध्ये रोज नवे गिऱ्हाईक येत असताना सकाळी पुरी केलेली यादी संध्याकाळी अपुरी ठरते.

त्याच अ‍ॅपमध्ये चोवीस तास टिकणाऱ्या स्टेटसला मात्र ‘फक्त यांनाच दाखवा’ असा पर्याय आहे, आणि तो मला सर्वांत समाधानकारक वाटला. घरची माणसे एकदा निवडून ठेवली की नवे नंबर कितीही वाढोत, त्यांना काही दिसत नाही. कोणाला नको ते मोजत बसण्यापेक्षा कोणाला हवे ते ठरवणे सोपे, हे ज्या कोणी ओळखले त्याने हीच सोय प्रोफाइलच्या फोटोला का दिली नाही, हे कळत नाही. शेवटी मी तिथे आंब्याच्या पेटीचा फोटो लावला. मुंबईच्या आत्याबाई अजूनही विचारतात की तुझा फोटो का काढून टाकलास.

बागेचे पान असलेल्या अ‍ॅपचा त्रास अधिक खोलवरचा आहे. ‘तुमच्या ओळखीच्या व्यक्ती’ या सदरात मला गिऱ्हाइकांची घरगुती खाती दिसू लागली, ज्यांत त्यांच्या मुलांचे वाढदिवस आणि सहलींचे फोटो होते. हे उलट दिशेनेही घडले. माझ्या धाकट्या जावेला, जिचा विक्रीशी काहीही संबंध नाही, एका गिऱ्हाइकाची मैत्रीची विनंती आली आणि पाठोपाठ ‘वहिनी, यंदा आंबा कसा आहे’ असा संदेश आला. माणूस सभ्य होता, त्याने लगेच माफीही मागितली. परंतु अ‍ॅपने त्याच्यासमोर तिला आणून उभे केले, ते तिला न विचारता.

यामागचे कारण गूढ नाही. अ‍ॅप सुरू करताना ‘मित्र शोधा’ म्हणून संपर्कयादीची परवानगी मागितली जाते आणि ती दिली की फोनमधले सगळे नंबर कंपनीकडे जातात, ज्यांचे अ‍ॅपवर खाते नाही त्यांचेसुद्धा. मी ही परवानगी फोनच्या सेटिंगमधून काढून घेतली. त्यामुळे नवे नंबर जायचे थांबले, मात्र आधी गेलेले नंबर तिथेच राहिले. ते पुसण्यासाठी वेगळे पान आहे आणि ते पान गोपनीयतेच्या मुख्य यादीत दिसत नाही, सेटिंग्जमधल्या शोधखिडकीत शब्द टाकून हुडकावे लागते. (हा शोध मात्र उपयोगी आहे, मेनूत भटकण्यापेक्षा सरळ तोच वापरावा.) ‘फोन नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकेल’ हा पर्यायही वेगळा असतो. तो मुळात ‘सर्वजण’ असा होता, तो मी ‘मित्र’ केला. एवढे केल्यावर सूचना कमी झाल्या, थांबल्या नाहीत. थांबणे शक्यही नव्हते, कारण माझा नंबर पेटीवर छापलेला आहे आणि तो शेकडो लोकांच्या फोनमध्ये आहे. त्यांच्यापैकी कोणी आपली यादी अ‍ॅपला दिली की माझा नंबर पुन्हा तिथे पोहोचतो. जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घालून बेडे (फाटक) लावले तरी आवारातून जुनी पाणंद जात असेल, तर ये-जा चालूच राहते, तसे हे आहे. इतरांच्या यादीतून आलेला माझा नंबर वापरू नका, असे सांगणारा पर्याय मला नेहमीच्या सेटिंग्जमध्ये कुठेही सापडला नाही.

टॅगच्या बाबतीतही तेच. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेले असते. माटवीखाली (गणपतीवर टांगलेल्या, फळापानांनी सजवलेल्या लाकडी चौकटीखाली) आरती चालू असतानाच पुतण्या फोटो टाकतो, घरातल्या सगळ्यांना टॅग करतो आणि गावाचे नावही जोडतो. मी ‘टॅग आधी मला दाखवा’ हे चालू ठेवले होते. त्याचा अर्थ इतकाच की तो फोटो माझ्या पानावर माझ्या संमतीशिवाय येत नाही. पुतण्याच्या पानावर, त्याच्या मित्रांपुढे आणि टॅग झालेल्या इतरांच्या मित्रांपुढे तो जातोच. त्यात गौरीच्या अंगावरचे दागिने दिसतात, आणि मुंबईच्या तीन बिऱ्हाडांना त्या आठवड्यात कुलूप आहे हेही दिसते. यंदापासून घरात असे ठरले आहे की सगळे आपापल्या घरी पोहोचेपर्यंत फोटो घरच्या ग्रुपमध्येच राहतील. या एका नियमाने जे साधले, ते अ‍ॅपच्या सगळ्या पर्यायांनी मिळून साधले नव्हते.

स्थानाच्या सेटिंगबद्दल फार लिहीत नाही. फोनमध्ये परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ किंवा ‘कधीच नाही’ अशी ठेवता येते आणि ती पाळली जाते. फक्त इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेसवरून) अ‍ॅप ढोबळ अंदाज बांधते, तो बंद होत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: कॅमेऱ्याने फोटोत नोंदवलेले अक्षांश-रेखांश फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर त्याच्याबरोबर जातात. बागेचे फोटो तसे पाठवण्यापूर्वी कॅमेऱ्यातली ही नोंद बंद करावी.

‘एवढी चिंता असेल तर खाते बंदिस्त करून टाका’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते आम्हाला परवडत नाही. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी देवगडच्या नावाच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरून विकण्याचे प्रकार सर्वांना माहीत आहेत. त्यामुळे शहाणे गिऱ्हाईक आगाऊ पैसे देण्याआधी आमचे पान उघडून कलमे, मोहोर, पिकायला घातलेली आंब्याची अढी आणि बागेतली माणसे पाहते. जितके उघडे तितका विश्वास, असा हा व्यवहार आहे. त्याची दुसरी बाजू एप्रिलमध्ये दिसली: आमचेच फोटो उचलून, माझ्या नवऱ्याचे चित्र लावून कोणीतरी दुसरे पान काढले आणि स्वस्त आंब्यासाठी आगाऊ पैसे मागायला सुरुवात केली. मी तक्रार केली तेव्हा ‘नियमभंग आढळला नाही’ असे ठरीव उत्तर आले. नातेवाईक आणि जुन्या गिऱ्हाइकांनीही तक्रारी केल्यावर ते पान हटले. या प्रकारात गोपनीयतेची कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही. ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर तातडीने कळवावे, हे मी आता पानावरच लिहून ठेवले आहे.

आपण हात लावण्याआधी अ‍ॅपने मूळ निवड काय ठेवलेली असते, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते, कारण बहुतेक माणसे ती बदलत नाहीत. फेसबुकने डिसेंबर २००९ मध्ये खातेदारांना अधिक उघड पर्याय सुचवणारे बदल केले, त्यावरून गदारोळ झाला आणि २०११ मध्ये ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेबरोबर त्यांना तडजोड करावी लागली. नव्या खातेदारांच्या पोस्ट मुळात ‘मित्रांना’ दिसाव्यात, हा बदल मे २०१४ मध्ये आला. म्हणजे ही निवड कंपनी ठरवते आणि बदलूही शकते. मीसुद्धा अ‍ॅप अद्ययावत झाले की सेटिंग्जवरून एकदा नजर फिरवते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी मात्र अठरा महिन्यांची मुदत आहे. संमती जितक्या सहजपणे दिली तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. संपर्कयादीची परवानगी पूर्ण पडद्यावरच्या एका मोठ्या बटणाने दिली जाते आणि ती निस्तरायला दोन वेगवेगळी पाने हुडकावी लागतात. या कसोटीला ती रचना कशी उतरते, हे पाहण्यासारखे असेल. तरीही माझ्या अडचणीवर हा कायदा पुरता उपाय नाही. व्यक्तीने घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही, म्हणजे पुतण्याचे फोटो बाहेर राहिले. आणि आपण स्वतःहून जाहीर केलेली माहितीही येत नाही, म्हणजे पेटीवर छापलेला नंबरही बाहेर राहिला.

म्हणून फक्त घरगुती वापर असणाऱ्यांनी खाते मित्रांपुरते ठेवावे, संपर्कयादीची परवानगी देऊ नये आणि स्टेटससाठी ‘फक्त यांनाच’ निवडावे. त्यांना या सेटिंग्ज पुरेशा आहेत. ज्यांचा नंबर धंद्यासाठी जगजाहीर आहे, मग ते बागायतदार असोत, घरगुती खानावळ चालवणारे असोत किंवा तारकर्लीला पर्यटकांना खोल्या देणारे असोत, त्यांना त्या पुरणार नाहीत. त्यांनी सेटिंग्जशी झटत बसण्यापेक्षा धंद्याचा फोन वेगळा करावा. मी जुन्या फोनमध्ये नवे सिमकार्ड घातले आहे; त्यात फक्त गिऱ्हाइकांचे नंबर आहेत आणि घरातल्या कोणाचाही नाही. रिचार्जचा खर्च वाढला आहे, दोन फोन सांभाळण्याचा कंटाळाही येतो, आणि जुनी गिऱ्हाइके जुन्या नंबरवरच फोन करत राहतील हे उघड आहे. पुढच्या हंगामाच्या पेट्यांवर नवा नंबर छापायला दिला असून पानावरचा जुना नंबर काढून टाकला आहे.