ओपनबीएसडीचं कार्प: दोन वर्षं वापरून

मी सांगलीत एका छोट्या ब्रॉडबँडवाल्याकडं नेटवर्क बघतो. गिऱ्हाइकं म्हणजे विश्रामबागेतली घरं आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या. सौदे चालू असताना लाईन पडली की शिव्या मला. म्हणून दोन सेकंडहँड सर्व्हरवर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, एक मशीन पडलं तर दुसरं चालावं म्हणून. दोन्ही मशीनं वरच्या मजल्यावर. २०१९ च्या महापुरानंतर खाली आम्ही एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा ठेवत नाही.

तिच्यातल्या कार्प या सोयीमुळं दोन मशीनांत मिळून एकच गेटवे पत्ता राहतो, म्हणजे गिऱ्हाइकाची वाहतूक जिथून बाहेर पडते तो. मास्टर, म्हणजे त्या वेळी काम करणारं मशीन, दर सेकंदाला हजेरी देतो, ती तीन सेकंद आली नाही की दुसरं मशीन पत्ता उचलतं. २००४ पासूनची चीज आहे, मॅन पेज वाचून तासाभरात लागते.

पहिल्याच दिवशी मात्र मी माती खाल्ली. जुनी राऊटरची जोडी त्याच व्हीलॅनवर (स्विचमधल्या त्याच आभासी नेटवर्कवर) व्हीआरआरपी या कार्पसारख्याच प्रोटोकॉलच्या ग्रुप १ वर चालू होती आणि मी व्हीएचआयडी, म्हणजे कार्पचा ग्रुप नंबरही, १ च दिला. दोघांचा आभासी मॅक पत्ता (स्विच ज्यावरून मशीन ओळखतो तो) ठरतो तो याच आकड्यावरून. स्विचला एकच मॅक कधी या पोर्टवर दिसायचा, कधी त्या. ५१ केलं, शांत झालं.

खरा घोळ बीजीपीचा, म्हणजे वरच्या प्रोव्हायडरच्या राऊटरशी रस्त्यांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोटोकॉलचा. त्याचा प्रोग्रॅम ओपनबीजीपीडी, त्यात 'डिपेंड ऑन' लिहून सेशन कार्पच्या बाहेरच्या पत्त्याला बांधता येतं, म्हणजे मास्टर असेल तोच बोलणार. त्यासाठी वरच्या प्रोव्हायडरकडून /३० च्या (दोन वापरायचे पत्ते) जागी /२९ (सहा) मागून घेतला, कारण दोन मशीनांचे दोन आणि कार्पचा एक असे पत्ते लागतात. मग मास्टरची पिन उपटली. आमचा पोरगा पिंग लावून बसलेला.

"दादा, गेटवे आला की! पण बाहेरचं काय येईना."

पंचवीस-तीस सेकंद तसंच. झालं असं, की मास्टर मेल्याचं वरच्या राऊटरला कुणी सांगितलंच नव्हतं. होल्ड टाइम, म्हणजे किती वेळ काही ऐकू आलं नाही तर सेशन मेलं धरायचं तो, ९० सेकंदांचा असला की किपअलाइव्ह, म्हणजे 'मी जिवंत आहे' हा निरोप, त्याच्याकडून येतो ३० सेकंदांनी. तो आल्यावर नवं मशीन 'हे कनेक्शन माझं नाही' म्हणून रिसेट मारतं, तेव्हा कुठं जुनं सेशन तुटून नवं उभं राहतं.

आता दोन्ही मशीनांना आपापल्या पत्त्यावर स्वतंत्र सेशन आहे, दोन्ही कायम चालू. राखीव मशीनवरून एएस पाथ (बीजीपीत दाखवला जाणारा नेटवर्कांचा रस्ता) मुद्दाम लांबवून आमच्या पत्त्यांची जाहिरात करतो, त्यामुळं परतीची वाहतूक सहसा मास्टरकडंच येते. कार्प फक्त आतल्या बाजूला. फिरता पत्ता ज्यांना रूटिंग कळत नाही त्यांच्यासाठी. राऊटरला राऊटरशी बोलायला स्वतःचं तोंड असावं, असं माझं मत. ओपनबीएसडीची फायरवॉल म्हणजे पीएफ, तिची चालू कनेक्शनं पीएफसिंक दुसऱ्या मशीनकडं पोचवतं, तेवढी एक वेगळी केबल टाका.

तक्रार एकच: मी रजेवर गेलो की हे बघणारा माणूस मिळत नाही. पोरांना डेबियन येतं, पीएफ म्हटलं की प्रॉव्हिडंट फंड आठवतो.

बाकी सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की मी भरदुपारी कार्पडिमोट (मास्टर व्हायची पाळी मागं ढकलणारा आकडा) वाढवून मशीन मागं घेतो, सिसअपग्रेड ही नवी आवृत्ती बसवणारी कमांड मारतो आणि चहाला जातो. गेल्या खेपेला यार्डातून एकही फोन आला नाही.