फ्रीकॅड १.०: घरगुती कामांसाठी बरेच महिने वापरल्यावर

थ्रीडी प्रिंटरवर काढायच्या डब्या आणि ब्रॅकेट, लेझरवर कापायचं एमडीएफचं मखर, दारावरच्या नावाच्या पाट्या. एवढ्या कामांपुरतं फ्रीकॅडचं, म्हणजे मापं देऊन थ्रीडी मॉडेल काढायच्या फुकट प्रोग्रामचं, हे परीक्षण आहे. यंत्र साधं, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कंपनीत रोज आठ तास सॉलिडवर्क्सवर बसणाऱ्याला यातलं बरंच बाळबोध वाटेल.

फ्रीकॅडचं नाव काढलं की अजूनही लोक नाक मुरडतात. त्याला कारण होतं. हा प्रकल्प २००२ पासून चालू आहे आणि १.० हा आकडा लागायला नोव्हेंबर २०२४ उजाडावा लागला. मधल्या काळात ज्यांनी ०.१८ किंवा ०.१९ उघडून बंद केलं, त्यांचं मत त्या आवृत्त्यांपुरतं बरोबरच आहे. १.० मध्ये दोन मोठे फरक पडले. सुटे भाग जोडून पाहण्यासाठी असेंब्ली वर्कबेंच सोबतच येतं (वर्कबेंच म्हणजे एका प्रकारच्या कामाच्या साधनांचा संच), आणि आधीचं माप बदललं की पुढचं सगळं मॉडेल कोसळायचं तो आजार बराच आटोक्यात आला. बरा झालेला नाही, हे पुढे येईलच.

आधी याच कामाच्या बाकीच्या प्रोग्रामबद्दल. फ्यूजन सगळ्यांत गुळगुळीत चालतं, यात वाद नाही. पण त्याच्या फुकट वैयक्तिक परवान्यात एका वेळी १० च डॉक्युमेंट संपादनासाठी उघडी ठेवता येतात, बाकीची ‘फक्त वाचा’ करून ठेवावी लागतात. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कापणारं यंत्र, चालवणाऱ्यांना त्याहून जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे रॅपिड हालचाली काढून घेतल्या आहेत. हत्यार हवेतून सरकतानाही कापायच्याच वेगाने सरकतं. हे निर्बंध २०२० मध्ये जाहीर झाले. त्याच वेळी स्टेप फाइल (कुठल्याही कॅड प्रोग्राममध्ये उघडता येणारी मॉडेलची प्रत) काढण्याची सोयही जाणार होती, ती लोकांनी ओरड केल्यावर राहिली. माझा आक्षेप किमतीला नाही. आज हातात असलेली सोय उद्या असेल की नाही हे दुसऱ्याने ठरवायचं, हे छंदाच्या फायलींना परवडत नाही. त्या तीन-चार वर्षांनी अचानक लागतात.

ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि स्केच काढण्याचा अनुभव फार चांगला आहे. फुकट योजनेत तुमचं प्रत्येक डॉक्युमेंट जगाला दिसतं, एवढं चालत असेल तर खुशाल घ्या. टिंकरकॅड शाळकरी मुलांसाठी आणि पाच मिनिटांच्या कामांसाठी. सॉल्व्हस्पेस चिमुकलं आणि सुरेख आहे, पण फिलेट, म्हणजे कडेला गोलाई, मारता येत नाही, त्यामुळे गोल कडेची डबी करणं द्राविडी प्राणायाम. ओपनस्कॅडमध्ये कोड लिहायचा असतो. प्रोग्रामिंगची सवय असेल तर ते फ्रीकॅडच्या जोडीला ठेवाच, कारण एका बाबतीत ते सरस आहे. तो भाग पाट्यांच्या वेळी.

फ्रीकॅड बसवल्यावर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बदला. माउसची पद्धत मुळात ‘कॅड’ असते. ती नको वाटली तर खालच्या पट्टीवरून ‘जेश्चर’ किंवा ‘टचपॅड’ करा. प्रेफरन्सेसमध्ये ऑटोसेव्ह १५ मिनिटांवर असतो, तो ५ वर आणा. फिलेट मारताना प्रोग्राम कधीकधी आडवा होतो. आणि बॅकअप फायलींची संख्या एकवरून पाचावर न्या. शिवाय वर्कबेंचची यादी पाहून घाबरू नका. ‘पार्ट’, ‘पार्ट डिझाइन’ आणि ‘ड्राफ्ट’ या तिघांत तेच काम तीन तऱ्हांनी होतं आणि नवशिका नेमका तिथेच अडकतो, कारण एका व्हिडिओत एक बेंच असतं आणि दुसऱ्यात दुसरं. सुरुवातीला पार्ट डिझाइन, स्केचर आणि स्प्रेडशीट एवढंच धरा.

उदाहरण म्हणून आर्डुइनो उनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची डबी घेऊ, कारण तिच्यात फ्रीकॅडची बहुतेक दुखणी भेटतात. बोर्ड ६८.६ × ५३.४ मिमीचा. बोर्डाचा खालचा डावा कोपरा शून्यबिंदूवर धरा, डबी मध्यावर काढायच्या भानगडीत पडू नका. मग भोकांची मापं जशीच्या तशी टाकता येतात. भिंत २ मिमी, आत चारही बाजूंनी १ मिमी मोकळीक, म्हणजे बाहेरचा आयत उणे ३, उणे ३ पासून सुरू होतो आणि ७४.६ × ५९.४ चा होतो. स्केच हिरवं होईपर्यंत मापं द्या. पांढऱ्या रेषा राहिल्या तर काहीतरी मोकळं आहे आणि ते पुढे कधीतरी सरकणार. मग पॅड (स्केचला उंची देणं), उभ्या कडांना फिलेट, वरचा पृष्ठभाग निवडून थिकनेस (आतून पोकळ करून भिंत ठेवणं) २ मिमी, आणि ‘आतल्या बाजूला’ या चौकटीत खूण.

इथे ठेच लागते. बाहेरच्या कडेला २ मिमीचा फिलेट दिला आणि भिंतही २ मिमीची असेल, तर आतल्या कोपऱ्याची त्रिज्या शून्य उरते आणि थिकनेस एकतर लाल होतो किंवा वेडावाकडा आकार देतो. फिलेट ३ चा द्या, आत १ उरतो, काम होतं. फ्रीकॅडचा भूमितीचा गाभा म्हणजे ओपनकॅस्केड, आणि फिलेट हे त्याचं जुनं दुखणं. शेजारच्या पृष्ठभागाची रुंदी आणि फिलेटची त्रिज्या बरोबर जुळली की तो अडतो. ५ मिमीच्या पट्टीला ५ चा फिलेट चालत नाही, ४.९९ चालतो. मोठ्या त्रिज्येचे फिलेट आधी, बारीक नंतर, आणि केवळ शोभेचे अगदी शेवटी.

चार भोकांच्या मध्यांची मापं, शून्यबिंदूपासून आडवं आणि उभं अंतर मिमीमध्ये: (१३.९७, २.५४), (१५.२४, ५०.८०), (६६.०४, ७.६२), (६६.०४, ३५.५६). ती चौकोनात नाहीत, त्यामुळे मिरर वापरायला गेलात तर फसाल. बोर्ड ज्यांवर टेकतो त्या खांबांचं स्केच डबीच्या तळाच्या पृष्ठभागावर चिकटवू नका. मूळ एक्सवाय प्रतलावर ठेवा आणि अटॅचमेंटमध्ये २ मिमीचा ऑफसेट द्या. पृष्ठभागाला चिकटवलेलं स्केच १.० मध्येही, मागच्या एखाद्या पायरीत कड नाहीशी झाली की भलतीकडे उडी मारतं. मूळ प्रतलं कुठे जात नाहीत. खांब ६ मिमी व्यासाचे करा. एम३ स्क्रू थेट पीएलएमध्ये (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) पिळायचा तर भोक २.५, आरपार मोकळा जायचा तर ३.४. प्रिंटमध्ये भोक थोडं आवळतं, हे धरून चाला. होल हे साधन स्केचमधल्या वर्तुळाचा फक्त मध्य घेतं, तुम्ही काढलेला व्यास दुर्लक्षून आपला व्यास लावतं. हे माहीत नसलं की माणूस तासभर स्केच तपासत बसतो.

आणि यूएसबी. तिचं तोंड बोर्डाच्या कडेबाहेर सुमारे ६ मिमी येतं. भिंतीत नुसती चौकोनी खिडकी ठेवली तर बोर्ड वरून डबीत उतरतच नाही, म्हणून खाच वरच्या काठापर्यंत उघडी ठेवा आणि तेवढा तुकडा झाकणाला द्या. शिवाय वरच्या डाव्या भोकात एम३ स्क्रूचं डोकं शेजारच्या हेडरला (तारा खोचायच्या पट्टीला) घासतं. तिथे नुसती खुंटी ठेवली तरी बोर्ड हलत नाही.

आता मखर. फ्रीकॅड मला इथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं, आणि ते स्प्रेडशीटमुळे. बाजारातली ‘३ मिमी’ एमडीएफ शीट व्हर्नियरने मोजली तर बऱ्याचदा ३ पेक्षा कमी भरते, आणि गणपती येतात भर पावसाळ्यात, तेव्हा दमट हवेत तीच शीट फुगते. दुकानात मोजलेली जाडी कापायच्या दिवशी तीच असेलच असं नाही. म्हणून जाडी एका कोठ्यात लिहायची आणि प्रत्येक खाच त्या कोठ्यावर टांगायची.

कोठ्यात आकडा एककासह लिहा, ‘२.८ मिमी’ असा, पण रोमनमध्ये: 2.8 mm. एकक विसरलात तर पुढे वजाबाकीत चूक दाखवतो. कोठ्यावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, अ‍ॅलियास, तिथे रोमन अक्षरांत ‘जाडी’ असं काही नाव द्या. एका अक्षरापुढे एक आकडा असलं नाव घेत नाही, कारण ते कोठ्याचंच नाव ठरतं. दुसऱ्या कोठ्यात कर्फ, म्हणजे लेझर जाळून नेतो ती रुंदी. ती यंत्रागणिक बदलते, ०.१५ धरून सुरुवात करा. स्केचमध्ये माप टाकायच्या चौकटीच्या उजवीकडचं छोटं निळं चिन्ह दाबलं की तिथे सूत्र लिहिता येतं.

खाचेची रुंदी जाडी वजा कर्फ, म्हणजे २.८ च्या शीटला २.६५. लांबीचा हिशोब वेगळा आहे आणि तो बहुतेक जण चुकवतात. खाचेत बसणारी २० मिमीची जीभ कापल्यावर १९.८५ होते, २० ची खाच २०.१५ होते, आणि मखर खुळखुळतं. म्हणून खाचेची लांबी जिभेची लांबी वजा दोन कर्फ, १९.७० ठेवायची. पूर्ण शीट कापण्याआधी एका छोट्या तुकड्यावर २.५ ते २.९ पर्यंत पाच खाचा कापून घ्या; जी अंगठ्याच्या दाबाने बसते ती तुमची. रंग लावून मग जोडणार असाल तर रंगाचा थरही धरा. जाडीचा कोठा बदलला की सगळ्या खाचा एका दमात बदलतात. मोठ्या मॉडेलला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात पुन्हा टिचक्या मारू नका.

लेझरवाल्याला डीएक्सएफ, म्हणजे सपाट रेषांची फाइल, लागते. मॉडेल निवडून थेट एक्स्पोर्ट केलं की नको त्या रेषा येतात. आधी ड्राफ्टमधलं ‘शेप टूडी व्ह्यू’ वापरून वरून दिसणारी बाह्यरेषा काढा आणि तेवढीच पाठवा. दुकानात ती कोरलड्रॉमध्ये उघडली जाते, तेव्हा मिलिमीटर निवडलंय का आणि बाहेरची लांबी बरोबर येते का, हे शेजारी उभं राहून पाहा. इंचात उघडली गेली तर २५.४ पटीचा घोळ होतो.

मराठी माणसाला खरी खोट भेटते ती पाट्यांत. फ्रीकॅडचं ‘शेपस्ट्रिंग’ देवनागरी अक्षरं जोडत नाही. ते प्रत्येक चिन्ह सुटं घेऊन शेजारी मांडतं, त्यामुळे ‘श्री’ लिहिलं की पायमोडका श, मग र, मग बाजूला वेलांटी असा अवतार दिसतो. फॉन्ट बदलून उपयोग नाही. उपाय इंकस्केप या चित्र काढायच्या फुकट प्रोग्राममध्ये आहे. तिथे मजकूर लिहा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग अनग्रुप, मग ‘युनियन’. युनियन विसरलात तर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या राहतात आणि घन करताना भूमिती मोडते. एसव्हीजी साठवून फ्रीकॅडमध्ये ‘भूमिती म्हणून’ आयात करा आणि पार्ट वर्कबेंचमधल्या एक्स्ट्रूडने उंची द्या. याचं स्केच करायच्या फंदात पडू नका. शेकडो बिंदू झाले की स्केचच्या मापांचा हिशोब करणारा सॉल्व्हर गुदमरतो. ओपनस्कॅड मात्र मजकुरासाठी हार्फबझ ही अक्षरं जोडणारी लायब्ररी वापरतं, त्यामुळे चांगला देवनागरी फॉन्ट नावानिशी दिला की जोडाक्षरं नीट येतात. नुसती पाटीच हवी असेल तर तो रस्ता जवळचा.

फॉन्ट जाड घ्या. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट फुकट मिळतात आणि त्यांच्या ठळक वजनात ०.४ च्या नोजलला पुरेशी जाडी मिळते. आपल्या लिपीची सोय म्हणजे शिरोरेषा: एमडीएफमधून शब्द कापला तर पूर्ण शब्द एकसंध निघतो, रोमन अक्षरांसारखा सुट्टा होत नाही. अनुस्वार तेवढा गळून पडतो. त्याला खाली बारीक देठ काढून शिरोरेषेला टेकवा. उलट शब्द पाटीतून आरपार कोरायचा असेल तर व, ब, म यांच्या पोटातले तुकडे गळतात, तिथे पूल ठेवावे लागतात.

प्रिंटसाठी एसटीएल काढताना गोल कडा बहुकोनी दिसतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचं कारण प्रेफरन्सेसमधलं मेशचं विचलन ०.१ मिमी असतं, ०.०१ करा. किंवा थेट स्टेप फाइल द्या, प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणारे प्रुसास्लायसर, ऑर्का आणि बांबू स्टुडिओ तिघेही ती घेतात.

असेंब्ली वर्कबेंच चार-सहा भागांच्या जोडणीला पुरतं. बिजागरी फिरवून झाकण कुठे अडतं हे पाहायला छान. पन्नास भागांचं यंत्र उभारायला मी ते घेणार नाही. टेकड्रॉमध्ये सुताराला द्यायचा कागद निघतो, मापांची अक्षरं मात्र मुळात बारीक असतात, ती मोठी करून घ्या. सीएएम, म्हणजे सीएनसीसाठी हत्याराचा मार्ग काढणारं वर्कबेंच, मी फार वापरलेलं नाही.

ज्याला आठवड्याच्या शेवटी एखादा हूक किंवा मोबाइलचा स्टँड काढायचाय त्याने फ्रीकॅडच्या वाटेला जाऊ नये, टिंकरकॅड पुरे. सेंद्रिय आकार, मूर्ती, चेहरे हवे असतील तर ब्लेंडर. मापाचं, पुन्हा पुन्हा बदलणारं काम असेल तर फ्रीकॅड घ्या, आणि प्रत्येक पूर्ण झालेल्या मॉडेलची एक स्टेप प्रत त्याच फोल्डरात ठेवत जा. फ्रीकॅडची स्वतःची फाइल आतून साधी झिप असते, पण नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत नीट उघडेल याची खात्री नसते. मित्राकडे जुनं फ्रीकॅड असेल तर त्याला स्टेपच पाठवा.