थिंकफॅन: थिंकपॅडच्या पंख्यावर लिनक्सवरचा भरवशाचा इलाज

एकच थिंकपॅड लॅपटॉप विंडोजवर गप्प आणि लिनक्सवर घरघरणारा, ही तक्रार नेहमीची. पंखा मुळात ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात नसतो. मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे ईसी, स्वतःच तापमान पाहून तो फिरवतो. शांत चालायचं की जोरात, एवढं ईसीला बाहेरून सांगता येतं. विंडोजवर ते कंपनीचं सॉफ्टवेअर सांगतं, लिनक्सवर कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, ‘प्लॅटफॉर्म प्रोफाइल’ हे सेटिंग. म्हणून आधी प्रोफाइल ‘लो-पॉवर’ करून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. तरीही पंखा सारखा चालू-बंद होत असेल तर थिंकफॅन बसवा: तापमान पाहून पंख्याचा वेग स्वतः ठरवणारा छोटा प्रोग्रॅम.

बसवणं सोपं आहे, पण एक पायरी हमखास राहून जाते. थिंकपॅड-एसीपीआय हे मॉड्यूल, म्हणजे थिंकपॅडसाठीचा कर्नलचा ड्रायव्हर, मुळात पंख्याला हात लावू देत नाही. त्याला ‘फॅन-कंट्रोल’ हा पर्याय 1 करून द्यावा लागतो आणि मॉड्यूल पुन्हा लोड करावं लागतं. हे केलं नाही तर थिंकफॅन सुरू होताच चूक दाखवून बंद पडतो.

खरी मेहनत आहे ती थिंकफॅनच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमध्ये. पंख्याच्या पायऱ्या 0 ते 7. त्यावर ‘डिसएंगेज्ड’ असते, तिच्यात ईसी वेगावरचं नियंत्रण सोडतो आणि पंखा 7 पेक्षाही जोरात पळतो. प्रत्येक ओळीत तीन आकडे: पायरी, खालची मर्यादा, वरची मर्यादा. समजा पहिली ओळ 0, 0, 55 आणि दुसरी 1, 48, 62. पंखा 55 ला सुरू होईल, पण 48 च्या खाली आल्याशिवाय थांबणार नाही. हे सात अंशांचं अंतर म्हणजेच थिंकफॅनचं सगळं कसब. दोन्हीकडे 55 लिहिलंत तर पंखा त्या एका अंशावर दिवसभर धापा टाकत राहील. प्रोसेसरचं तापमान एखादा ब्राउझर टॅब उघडला तरी क्षणात दहा अंश उडी मारतं, त्यामुळे अंतर पाचपेक्षा कमी ठेवूच नये.

सेन्सर कोणता द्यायचा? इंटेलवर ‘कोअरटेम्प’, एएमडीवर ‘के10टेम्प’. ‘एसीपीआयटीझेड’ या फर्मवेअरच्या थर्मल झोनवर विसंबू नका, कित्येक मशीनवर तो एकाच आकड्यावर अडकून बसतो. विंडोजवर डब्ल्यूएमआय या सिस्टिमची माहिती देणाऱ्या सोयीतून तापमान वाचणारी छोटी टूल्स फसतात तीही याच थर्मल झोनमुळे. सेन्सरची फाइल हातांनी वाचून पाहिलीत आणि 52000 दिसलं तर घाबरू नका, ते 52 अंश आहेत. कर्नल अंशाच्या हजाराव्या भागात मोजतो. कॉन्फिगमध्ये मात्र साधे अंशच लिहायचे.

सर्वात त्रासदायक बिघाड रीबूटनंतर येतो. काल कर्नलच्या यादीत ‘एचडब्ल्यूमॉन3’ असलेला सेन्सर आज ‘एचडब्ल्यूमॉन5’ होतो, कारण हे क्रमांक मॉड्यूल लोड होण्याच्या क्रमावर ठरतात. थेट पाथ न देता सेन्सर नावाने शोधायला सांगा; थिंकफॅन 1.0 पासूनच्या वायएएमएल या मांडणीतल्या कॉन्फिगमध्ये ती सोय आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड झोपलं की त्याचा सेन्सरही वाचता येत नाही, त्याला कॉन्फिगमध्ये ‘ऑप्शनल’ करा.

सुरक्षिततेची बाजू चांगली सांभाळली आहे. थिंकफॅन नीट बंद झाला तर पंखा ईसीकडे परत जातो. तो मध्येच कोसळला तरी मॉड्यूलमधला वॉचडॉग, म्हणजे राखणदार टायमर, जास्तीत जास्त 120 सेकंदांत, तेच करतो. तरी पहिल्यांदा आपोआप सुरू होणारी सर्व्हिस म्हणून लावू नका. टर्मिनलमध्ये ‘-एन’ देऊन चालवा, शेजारी तापमान दाखवणारी ‘सेन्सर्स’ कमांड उघडी ठेवा आणि प्रोसेसरवर पंधरा मिनिटं पूर्ण भार टाका. तापमान 90 च्या वर रेंगाळत असेल तर वरच्या पायऱ्यांच्या मर्यादा पाच-पाच अंशांनी खाली आणा. त्यानेही फरक पडला नाही, तर दोष कॉन्फिगचा नाही: जाळीतली धूळ काढा आणि थर्मल पेस्ट बदला.