तिकिटाच्या फॉर्ममधला ‘कॅप्टन’: वैमानिकाने निवडावा का?

विमानाचं तिकीट ऑनलाइन काढताना नावाच्या आधी एक छोटी यादी उघडते. मिस्टर, मिसेस, मिस, फार तर डॉक्टर. काही परदेशी कंपन्यांची यादी बरीच लांब असते आणि तिच्यात प्रोफेसर, रेव्हरंड, सर यांच्या सोबतीने कॅप्टनही सापडतो. एअरलाइनचा वैमानिक सुट्टीवर, स्वतःच्या पैशाने, घरच्यांबरोबर निघालाय. त्याच्यासाठी हा पर्याय कितपत कामाचा आहे, एवढ्यापुरतं हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो: पाचापैकी एक तारा. मिस्टर किंवा मिस निवडा आणि पुढे चला.

आधी तांत्रिक बाजू, कारण विमानतळावर खोळंबा तिथेच होतो. आरक्षण यंत्रणेत उपाधीला बहुतेक वेळा स्वतंत्र रकाना नसतो. पीएनआरमध्ये, म्हणजे बुकिंगच्या नोंदीत, आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव आणि नावाच्या शेपटाला उपाधी असं सगळं एकाच ओळीत राहतं. तिकिटावर छापताना मधली मोकळी जागाही बऱ्याचदा गळते, म्हणून नाव आणि ‘एमआर’ एकमेकांना चिकटलेले दिसतात. बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये तर जागा मोजून दिलेली आहे. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या प्रमाणानुसार नावाला २० अक्षरं, एकही जास्त नाही.

आता अनिरुद्ध कुलकर्णी हे नाव इंग्रजी स्पेलिंगने मोजून बघा. कुलकर्णीची ८, रेघेचं १, अनिरुद्धची ९, झाली १८. ‘एमआर’ची दोन अक्षरं धरली की बरोबर २०, चपखल. त्याऐवजी ‘कॅप्ट’ची चार अक्षरं आली की बेरीज २२ होते, शेवटची दोन कापली जातात आणि नावाच्या शेवटी ‘सीए’ लोंबकळत राहतं. वाचणाऱ्या यंत्राला तो उपाधीचा उरलेला तुकडा आहे हे कळायला मार्ग नाही, ते त्याला नावाचाच भाग समजतं. पासपोर्टवर वडिलांचं नावही ‘गिव्हन नेम’मध्ये असेल, जे आपल्याकडे सर्रास असतं, तर २० अक्षरं त्यातच संपतात आणि उपाधी पूर्ण गळून जाते. म्हणजे हौसेने निवडलेला कॅप्टन बारकोडपर्यंत पोचतच नाही.

एकाच कंपनीच्या विमानाने जाऊन परत आलात तर यातलं काही जाणवणार नाही. त्यांची यंत्रणा स्वतःची उपाधी ओळखते. गोची होते ती एका तिकिटावर दोन कंपन्या आल्या की. नावाच्या शेवटी असलेले एमआर, एमआरएस, एमएस बाजूला काढायला बहुतेक यंत्रणा शिकलेल्या आहेत. ‘कॅप्ट’ हा दुर्मीळ पाहुणा. दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर वेब चेक-इन करताना ‘नाव जुळत नाही’ असा संदेश येतो आणि नावाच्या रकान्यात अनिरुद्धच्या पुढे ‘कॅप्ट’ जोडून लिहिलं की दार उघडतं, हा त्यातला नेहमीचा प्रकार. सभासद योजनेचे मैल खात्यात जमा न होणं हा दुसरा, कारण सभासद म्हणून नोंदवलेलं नाव आणि तिकिटावरचं नाव वेगळं पडतं. डिजियात्रा (चेहरा ओळखून विमानतळावर प्रवेश देणारी सोय) वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, तिथे बोर्डिंग पासवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत उपाधीला जागाच ठेवलेली नाही. ज्या नावावर तुम्ही सीमा ओलांडता त्यात कॅप्टन नसेल, तर तिकिटातही तो नसलेलाच बरा.

बदल्यात मिळतं काय? वरच्या वर्गात फुकट बढती मिळते ही समजूत फार चिवट आहे. बढती ठरते ती सभासदत्वाची पायरी, भाड्याचा वर्ग आणि त्या दिवशी किती जागा जास्त विकल्या गेल्यात यावर. कर्मचारी सवलतीच्या तिकिटावर असाल तर ज्येष्ठता आणि रिकामी जागा, एवढंच. केबिन क्रूकडे प्रवाशांची यादी असते, त्यांनी उपाधी पाहिली तर दोन आपुलकीचे शब्द बोलतील. ते तर दारात ‘मी अमुक कंपनीत ए-३२० उडवतो’ असं हसून सांगितलं तरी मिळतात, आणि जास्त मनापासून मिळतात.

एक युक्तिवाद मात्र गांभीर्याने घ्यावा असा आहे. डॉक्टर प्रवासी आहे हे यादीवरून कळलं तर आणीबाणीत उपयोग होतो, मग वैमानिकाचं का नको? याचं उत्तर जुन्या घटनांत आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवायला लागणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. डेनी फिच हे त्याच विमानप्रकारावरचे प्रशिक्षक वैमानिक तेव्हा प्रवासी म्हणून बसले होते. त्यांनी हवाई सेविकेकरवी कॉकपिटला निरोप पाठवला, आत गेले आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल (जोर कमी-जास्त करायचे दांडे) हाताळून विमान अमेरिकेतल्या सू सिटीपर्यंत आणायला मदत केली. विमानातल्या २९६ पैकी १८४ जण वाचले. मार्च २०२३ मध्ये लास वेगासहून निघालेल्या साउथवेस्टच्या विमानात एक वैमानिक आजारी पडला, तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या सुट्टीवरच्या वैमानिकाने आत जाऊन रेडिओ सांभाळला. गरज पडते तेव्हा माणूस स्वतः उठून सांगतो, किंवा क्रू घोषणा करून विचारतो. आणि त्या वेळी कॉकपिटला हवी असते ती माहिती ‘कॅप्ट’ या चार अक्षरांत नसतेच: कोणतं विमान उडवता, सध्या उडवता का, शेवटचं कधी उडवलं. बोइंग ७३७ च्या कमांडरपेक्षा ए-३२० वर रोज उडणारी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सह-वैमानिक, ए-३२० च्या कॉकपिटमध्ये जास्त उपयोगी ठरेल.

आता मूळ मुद्दा. कॅप्टन हे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी उड्डाण नियामकाच्या, परवान्याचं नाव नाही. परवाने सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) आणि एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स). सीपीएलला किमान २०० तास आणि वयाची १८ वर्षं, एटीपीएलला १,५०० तास आणि २१ वर्षं. कायद्याला माहीत आहे तो पायलट-इन-कमांड (उड्डाणाची अंतिम जबाबदारी असलेला वैमानिक), लॉगबुकच्या भाषेत पी-वन, आणि तो त्या उड्डाणापुरता एकच असतो. लांब पल्ल्याच्या विमानात चार वैमानिक असतात, त्यांतल्या दोघांच्या खांद्यावर कॅप्टनचे चार पट्टे असू शकतात, तरी पी-वन एकच. ए-३२० वर वर्षानुवर्षं कमांड केलेला माणूस मोठ्या विमानावर गेला की काही कंपन्यांत आधी उजव्या खुर्चीत फर्स्ट ऑफिसर म्हणून बसतो. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये प्रावीण्य तपासणी असते; वैद्यकीय तपासणीही ठरावीक मुदतीने होत राहते. यातलं एक जरी अडलं तरी कमांड थांबते. इतकं काटेकोर, इतकं तपासलं जाणारं हे पद आहे. म्हणूनच ते एखाद्या फॉर्ममध्ये कायमचं चिकटवून ठेवावं असं वाटत नाही.

सैन्यातल्या हुद्द्याचं तसं नाही. तो राष्ट्रपतींच्या कमिशनने येतो आणि निवृत्तीनंतरही ‘(निवृत्त)’ लावून चालतो. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने राज्यसंस्थेला लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळता किताब द्यायला मनाई आहे. एअरलाइनचा हुद्दा कंपनी देते, त्यामुळे त्या कलमाने त्याला बंदी नाही, पण त्याला कसला आधारही नाही. नोकरी संपली की तो लावायची परवानगी देणारं कोणी उरत नाही.

या दोन्हींची गल्लत रोज होते. एअर डेक्कन २००३ मध्ये सुरू करणारे कॅप्टन जी. आर. गोपीनाथ एअरलाइनचे वैमानिक असावेत असा समज सहज होतो. ते कॅप्टन भारतीय लष्करातले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या विमान अपघातात गेलेले नागपूरचे दीपक साठे यांचं नाव बातम्यांत कुठे कॅप्टन साठे, कुठे विंग कमांडर (निवृत्त) साठे असं आलं. दोन्ही खरं होतं: पहिला हुद्दा त्या रात्रीच्या विमानावरचा, दुसरा हवाई दलात मिळवलेला. आपल्या वर्तमानपत्रांत तर बारामती, धुळे किंवा गोंदियाला प्रशिक्षण घेऊन नुकतं सीपीएल मिळवलेल्या मुलीच्या नावामागेही ‘कॅप्टन’ लागतं. तिचं कौतुक पोटभर व्हावं, पण कमांडपर्यंतची वर्षं तिला अजून काढायची आहेत. ‘वैमानिक’ लिहिलं तर तिचा मान तसूभरही कमी होत नाही.

लग्नाच्या बायोडेटात ‘कॅप्टन’ दिसलं तर पुढचे प्रश्न विचारायला संकोच करू नका. कोणती कंपनी, कोणता विमानप्रकार, त्यावर पी-वन की पी-टू (सह-वैमानिक), एटीपीएल झालंय का? खरा वैमानिक एका दमात उत्तर देतो. गणवेश आणि चार पट्टे बाजारात शिवून मिळतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली विमानतळावर परदेशी कंपनीच्या कॅप्टनचा गणवेश घालून वावरणारा एक जण पकडला गेला होता.

बँक आणि पॅनचं काम सोपं आहे. पॅनच्या अर्जाच्या सूचनांत नावाला श्री, डॉ., मेजर असं काहीही लावू नका असं वर्षानुवर्षं छापलेलं आहे, तोच नियम सगळीकडे पाळावा. दारावरच्या पाटीचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. आमचं मत विचाराल तर नुसतं नाव. घरातला माणूस चार-चार दिवस बाहेर असतो हे जिन्यात येणाऱ्या प्रत्येकाला कळायचं कारण नाही.

मग कॅप्टन लावायचा कुठे? ड्यूटीवर एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना जनरल डिक्लेरेशनवर (विमान कर्मचाऱ्यांची नावं असलेला अधिकृत कागद), तिथे हुद्दा लिहावाच लागतो. वैमानिकांना शिकवताना. अपघाताच्या चर्चेत मत देताना, तेही कोणत्या विमानावर किती तास हे जोडूनच. मुंबईतल्या चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांच्या नावाआधी कॅप्टन येतं तेव्हा ते काहीतरी सांगतं, हा माणूस स्वतः उडवतो हे त्यातून कळतं. बोलणं विमानाबद्दल आहे तोवर उपाधी चालते.

तिकीट आधीच ‘कॅप्ट’ने निघालं असेल तर चेक-इन उघडण्याआधी कंपनीला फोन करा. मागताना ‘टायटल करेक्शन’ म्हणा. ‘नेम चेंज’ म्हणालात तर समोरचा वेगळ्या नियमाकडे वळेल आणि शुल्काची भाषा सुरू होईल. ट्रॅव्हल एजंटकडून काढलं असेल तर दुरुस्ती त्याच्यामार्फतच करून घ्यावी लागते. नुसता पीएनआर बदलून थांबू नका, ई-तिकिटावर जुनंच नाव राहतं; तिकीट पुन्हा जारी करायला सांगा आणि नवा क्रमांक लिहून घ्या. मग जोडप्रवासातल्या दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक आणि आडनाव टाकून बुकिंग उघडतंय का ते त्याच दिवशी बघा.