चार रात्रींनंतर आम्हाला जहाजावरून उतरवलं

दोन-तीन टप्प्यांची क्रूझ एजंटकडून बुक करणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

जानेवारी २०२५. मी, माझे मिस्टर आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. आईंचे दोन्ही गुडघे गेलेले, घरातसुद्धा व्हीलचेअरच. एकदा समुद्रावर राहायचं ही त्यांची फार जुनी इच्छा. नागपूरच्या धरमपेठेतला एक एजंट म्हणाला, "सिंगापूरहून सात रात्री. पेनांग, फुकेत, मग पोर्ट क्लांग. टेन्शन नका घेऊ ताई, आईंना हलवायचं कामच नाही." आमची अट एकच होती: रुंद दाराची, व्हीलचेअर आत जाईल अशी केबिन, आणि सातही रात्री तीच. विमानासकट ३,४०,००० रुपये, वर ५ टक्के टीसीएस (परदेशी टूरवर एजंटने गोळा करून सरकारकडे भरायचा कर) म्हणजे १७,०००. बहुतेक रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यात यूपीआयने गेली. व्हाउचरवर एक बुकिंग नंबर, एक केबिन नंबर आणि "७ रात्री".

चौथ्या संध्याकाळी केबिनमध्ये उतरणाऱ्यांच्या सामानाला बांधायचे रंगीत टॅग आले आणि हिशेबाचा कागद. चुकून आले असतील म्हणून मी ते परत द्यायला खाली काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने तीनदा नावं टाकून पाहिली, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. उतरायची तारीख उद्याची. पुढच्या तीन रात्रींसाठी आमच्या नावावर काहीच नव्हतं. व्हीलचेअरच्या केबिन भरलेल्या, साध्यासुद्धा नाहीत.

तिनेच समजावून सांगितलं. सात रात्रींची अशी फेरी नव्हतीच. चार रात्रींची एक आणि तीनची दुसरी. दोन्ही वेगळ्या विकल्या जातात; बुकिंग नंबर वेगळे, केबिनही वेगळ्या दिल्या जातात. पहिल्या फेरीत रिकामी असलेली केबिन दुसऱ्या फेरीत आधीच कुणीतरी घेतलेली असू शकते. त्यातून माणसं तीन. तिसऱ्यासाठी वेगळा बर्थ तर लागतोच, पण लाइफबोटीतल्या जागेचाही हिशेब असतो, त्यामुळे खोली रिकामी असूनही तिघांना मिळत नाही. एजंटने आम्हाला मोबाइलवर "उपलब्ध" दाखवलं होतं ते दोन माणसांसाठी, तेही फक्त पहिल्या फेरीचं. हे घरी आल्यावर जुना स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला तेव्हा कळलं.

सकाळी सिंगापूरच्या मरीना बे टर्मिनलवर आई व्हीलचेअरमध्ये, मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. "झालं का गं सगळं?" एवढंच विचारलं त्यांनी. परतीचं विमान तीन दिवसांनी होतं, हॉटेलचा खर्च आमच्याच खिशातून.

एजंट फोनवर म्हणाला, "दुसरी फेरी वेटिंगवर होती, क्लिअर होणार होती." ही रेल्वेची भाषा आहे, तिच्यावर विसंबू नका. क्रूझमध्ये गॅरंटी केबिन नावाचा प्रकार असतो, त्यात जागा पक्की असते आणि नंबर नंतर मिळतो. वेटिंग म्हणजे जागाच नाही. प्रत्येक फेरीचा वेगळा बुकिंग नंबर मागा आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. नाव, तारखा, केबिन दिसली तरच उरलेले पैसे द्या. व्हीलचेअरची गरज कंपनीकडे लेखी नोंदवली आहे का, हे एजंटला नाही, कंपनीलाच विचारा. सलग दोन फेऱ्या असतील तर मध्ये सिंगापूरला पुन्हा प्रवेश होतो, तेव्हा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा.

टीसीएसचे १७,००० रुपये माझ्या २६एएसमध्ये (आयकर खात्याकडे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) आजही दिसत नाहीत. म्हणजे एकतर तेही भरलेच नाहीत, किंवा माझ्या पॅनवर नोंदवले नाहीत. ही गोष्ट घरबसल्या तपासता येते, तुम्हीही तपासा.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयच्या नोंदी, व्हाउचर, स्क्रीनशॉट सगळं जोडलंय. आईंच्या बॅगेला बांधलेला तो रंगीत टॅगसुद्धा फाइलमध्ये लावलाय.