गिअरच्या खुंट्यांचा कोरा: सोलापूरच्या हवेत कसा टिकतो

कोरा हे २१ तारांचं पश्चिम आफ्रिकी वाद्य मागवायचं असेल तर आधी खुंट्या बघा. याला गिटारसारख्या गिअरच्या खुंट्या आहेत. पारंपरिक कोऱ्याच्या दांड्यावर कातड्याच्या कड्या असतात, त्यांना कोन्सो म्हणतात. दिसतात देखण्या, पण सरकवून सूर लावायला मनगटात जोर हवा. मालीतल्या द्याबाते, सिसोको अशा घराण्यांत बापाकडून मुलाकडे वाजवणं येतं, तिथे हे लहानपणीच हातात बसतं. इथे शिकवणारा शेजारी कुठला? गिअरच बरा.

भोपळा जाड आणि नीट वाळलेला आहे. पंढरपूरकडचे तंबोऱ्याचे भोपळे पाहिलेल्यांना कड कशी तपासायची ते सांगायला नको. खरी अडचण भोपळ्यावर ताणलेल्या कातड्याची. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते ताणतं आणि सूर चढतो, पावसाळ्यात सैलावतं आणि उतरतो. पत्र्याखालची खोली आणि कूलरचा थेट झोत, दोन्ही टाळा. नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीला लांबत राहतात, म्हणून रोज सूर लावावाच लागतो.

तारा ज्यावर टेकतात ती घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. तारा एकेक करूनच बदला; सगळ्या एकदम सोडल्या की घोडी आडवी! डावीकडे ११, उजवीकडे १०, आणि वाजवायला फक्त दोन अंगठे व दोन तर्जन्या.

आवाज गोड, खर्ज थोडा दबका. सोबतची कापडी पिशवी मात्र कुचकामी, कडक पेटी वेगळी करून घ्या.